कालचाच दर

"दोन ओळींत संपवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी माहितीच्या अधिकारात आलेला अर्ज टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "उत्तर तयारच असतं आपल्याकडे. पेट्रोलचा दर बाजार ठरवतो, निवडणुकीशी संबंध नाही. खाली सही तुमची."

"माझी?"

"मग कोणाची? रोजचा दर काढता तुम्ही. मी काय, कोपऱ्यात नुसता सहीचा कोंबडा मारणारा."

त्याने अर्ज उचलला आणि नाव वाचायच्या आधीच अक्षर ओळखलं. प्रत्येक ओळ उजवीकडे वर वर जाणारी, गाडी चढाला लागल्यासारखी. दादाचं अक्षर. खाली दादाची सही होती आणि 'इतर चार व्हॅनवाले' म्हणून आणखी चार सह्या.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आडनाव तुमचंच दिसतंय. कोणी लागतो का?"

"नाही," तो म्हणाला. "आडनावं काय, ढिगानं असतात."

इतक्या सहज म्हणाला की साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. तो जागेवर येऊन बसला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून आलो.

कचेरीत त्याला सगळे आकडेबुवा म्हणत. बावीस वर्षं तो एकच काम करत होता. सकाळी परदेशातल्या कच्च्या तेलाचा भाव यायचा, जहाजाचं भाडं यायचं. त्यात कर मिळवायचा, पंपवाल्याचं कमिशन मिळवायचं, आणि जो आकडा निघेल तो तक्त्यात भरून वर पाठवायचा. वरून मान्य होऊन आला की दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून सगळ्या पंपांवर तोच दर. त्याच्या हातून आकडा चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. याचा त्याला अभिमान होता. दुसरं काही अभिमान बाळगण्यासारखं त्याच्यापाशी नव्हतंही.

मतदानाची तारीख जाहीर झाली आणि तक्ता परत येताना त्याला एक चिठ्ठी टाचलेली यायला लागली. 'कालचाच ठेवा.' पेन्सिलीने लिहिलेली. सही नाही, तारीख नाही. शाईने लिहायची कोणाची छाती नव्हती. फायलीत तक्ता लावताना टाचणी काढायची आणि चिठ्ठी टोपलीत टाकायची, असा तोंडी हुकूम होता. त्याने चौऱ्याहत्तर दिवस आकडा काढला आणि चौऱ्याहत्तर चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या. खरा आकडा वर वर चालला होता आणि पंपावरचा दर जागचा हलत नव्हता. सभांमधून नेते छाती फुगवून सांगत होते, बघा, आम्ही महागाई रोखली. मतदान संपलं त्या संध्याकाळी तक्ता नुसता आला. चिठ्ठी नव्हती. जणू बाजाराला त्याच दिवशी जाग आली.

दादा त्याच्या घरी आला होता तो मतदानाच्या नऊ दिवस आधी. दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ. एकोणीस वर्षं शाळेची व्हॅन चालवणारा. पायपुसण्यावर चपला नीट जोडीने काढून तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"शाळेनं वर्षाचा करार काढलाय," दादा म्हणाला. "महिन्याचं भाडं ठरलेलं, वर्षभर बदलायचं नाही. आजच्या दराला परवडतंय. दर वाढला तर मेलो. तू तिथं बसतोस. करू का सही?"

"दादा, ते मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही की माहीत नाही?"

"बाजारावर असतं रे सगळं."

त्या दिवशी त्याने काढलेला आकडा पंपावरच्या दरापेक्षा अकरा रुपयांनी जास्त होता. तोंडातून एक शब्द काढायचा होता. 'थांब' एवढाच. पण कचेरीतलं कचेरीत ठेवायचं, हे बावीस वर्षांत त्याच्या अंगात मुरलं होतं. कोणी धमकावलं नव्हतं. धमकावलं असतं तर निदान सांगायला तरी बरं.

दादाने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि तो हसला. "चल, झालं. काही असतं तर तू बोलला असतास."

आणि दादाने जाऊन सही केली. त्याच्या शब्दावर आणखी चौघांनी केली.

मग दर चढला. एकदम नाही, रोज थोडा थोडा, माणसाला ओरडावंसं वाटू नये इतपत. दीड महिन्यात भाड्यातून पेट्रोलही निघेना. शाळेने कराराचा कागद पुढे केला. दादा उतारावर इंजिन बंद करायला लागला. व्हॅन आपल्या वजनाने खाली जायची, तेवढंच पेट्रोल वाचायचं. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे दादाला माहीत नव्हतं असं नाही. एक दिवस वळणावर समोरून सायकल आली, ब्रेक लागला नाही आणि व्हॅन भिंतीला घासत गेली. एका मुलीचे पुढचे दोन दात पडले. शाळेने दादाला काढलं. व्हॅन भंगारात गेली. तेव्हापासून दादा लोकांच्या गाड्या धुतो.

त्या दादाने आता विचारलं होतं:

'एक. मतदानाच्या आधी चौऱ्याहत्तर दिवस दर का हलला नाही? दोन. मतदान झाल्यावर दुसऱ्याच दिवसापासून रोज का वाढला? तीन. हे कोणी ठरवलं, त्याचं नाव सांगावं.'

त्याने दुपारपर्यंत कागदाला हात लावला नाही. मग खरं उत्तर लिहिलं. चार ओळी. या कार्यालयाने काढलेला दर रोज वेगळा होता, वरून आलेल्या सूचनेप्रमाणे कालचाच दर ठेवण्यात आला. वाचून त्याचे कान तापले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने आकड्याशिवाय काहीतरी लिहिलं होतं. साहेबांकडे तो जवळजवळ धावतच गेला.

साहेबांनी उभ्यानेच वाचलं.

"वरून म्हणजे कोणाकडून?"

"चिठ्ठ्या यायच्या ना साहेब. तुमच्याच टेबलावरून यायच्या."

"दाखवा एक."

त्याची नजर कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली.

"नाही ना? मग हे खोटं लिहिलंय तुम्ही, आकडेबुवा. पुरावा नाही ते खोटं." साहेब चिडलेले नव्हते. त्यांना लवकर घरी जायचं होतं. "आणि समजा, पाठवलं हे. तुमची बदली, माझी बदली. त्या माणसाला काय मिळणार? पेट्रोल परत मिळणार आहे का त्याला? अहो, अशा लोकांना उत्तर नको असतं. शिव्या घालायला कोणीतरी हवं असतं."

"शिव्या घालू देत की मग."

"घालू देत. पण नाव कोणाचं द्यायचं? तुमचं देऊ?"

तो जागेवर आला. दोन ओळी टाइप केल्या. 'दर आंतरराष्ट्रीय बाजारातील घडामोडींनुसार निश्चित होतात. निवडणुकीशी त्यांचा संबंध नाही.' खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

जावक टेबलावरच्या बाईंनी नोंद करताना पत्ता पाहिला. "अहो, हे तुमच्या घराच्या मागच्याच गल्लीत की. तिकीट कशाला वाया घालवायचं? जाता जाता टाका आणि पोच घेऊन या."

"पोस्टानंच जाऊ दे ना."

"पोस्टानं आठ दिवस. मुदत उद्याची आहे. लाजता काय, पत्र द्यायचंय, पोरगी मागायची नाहीये." आणि त्यांनी पाकीट, पोचेची प्रत दोन्ही त्याच्या हातात कोंबलं.

दादाची खोली पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. दादा नुकताच आला होता. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वळलेले, बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. वहिनी म्हणाली, "या भाऊजी, आज बरी वाट सापडली."

"कचेरीचं पत्र आहे, दादा. तुझ्या अर्जाचं."

दादाने हात टॉवेलला दोनदा पुसले, मगच पाकीट घेतलं. दोनच ओळी, पण त्याने त्या ओठ हलवत वाचल्या. मग सहीवर बोट ठेवलं.

"ही तुझी सही."

"हो."

"म्हणजे तू लिहिलंस हे. साहेबानं नाही."

"मीच."

आता पुढचं बोलायचं होतं. दादा, खोटं आहे ते, मला माहीत होतं, त्या दिवशीही माहीत होतं. वाक्य तयार होतं. पण दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो राग शोधत होता. राग असता तर त्याला बोलता आलं असतं.

"कोणाचा हात नव्हता मग," दादा हळू म्हणाला. "मला वाटायचं, कुणीतरी मुद्दाम केलं. सगळ्यांना तेच सांगत फिरलो. त्या पोरीच्या बापालाही सांगितलं, साहेब, आम्हाला फसवलं हो." त्याने वहिनीकडे पाहिलं. "नव्हतं गं तसं काही. धाकट्यानं सही करून दिलंय."

"जाऊ दे आता," वहिनी म्हणाली.

"जाऊ दे कसं? इंजिन मी बंद केलं. एवढंच काय ते खरं."

"दादा..."

"नाही, बरं केलंस. दुसऱ्या कुणाचं उत्तर असतं तर मी मानलं नसतं. वर अपील करणार होतो आम्ही, पुढच्या आठवड्यात. ते चौघं पैसे गोळा करत होते वकिलासाठी. वाचले बिचाऱ्यांचे." दादाने पोचेची प्रत भिंतीला टेकवून तिच्यावर सही केली, तारीख घातली, वेळही घातली. "बस तू. खाली कोपऱ्यावर उभे असतील ते, सांगून येतो. त्यांना तरी कशाला आशेवर ठेवायचं."

दादाने पँटचे पाय खाली सोडले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि पत्र हातात उघडंच धरून तो जिना उतरला.

"बसा ना भाऊजी," वहिनी म्हणाली. "येतील आत्ता."

तो बसला नाही. खिडकीपाशी गेला. खाली कोपऱ्यावर चार माणसं उभी होती, कामाच्या कपड्यांत. आता व्हॅन त्यांच्यातल्या एकाकडेच उरली होती. दादाने मधे जाऊन कागद धरला. चौघांनी माना खाली घातल्या. दादा काहीतरी समजावत होता, बोट सहीवर. एकाने मान हलवली. दुसऱ्याने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात परत द्यायला लागला.

मग त्यातल्या एकाने वर पाहिलं. खिडकीत धाकटा भाऊ दिसला तसा त्याने आदराने हात कपाळाशी नेला.

खिडकीतल्या माणसानेही हात वर केला.