देवकीचं न्हाणं

“परत जा, अंबूबाई. आता काय काम न्हाय तुझं हितं.”

आक्काताईने दार अर्धंच उघडलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात ती स्वतः उभी होती. पायरीवर अंबूबाई. नाकावर मास्क, मास्कवर पदर, काखेत पिशवी. पिशवीत तेलाची बाटली, मसूर डाळीचं पीठ आणि ओवा, बाळंतशोपा, वावडिंगाची पुरचुंडी. रिक्षा बंद होत्या, म्हणून कळंब्याच्या तुरुंगाच्या भिंतीपासून तळ्यामागच्या या कॉलनीपर्यंत ती उन्हातून चालत आली होती.

“दोन्ही सुया घेतल्यात मी,” ती म्हणाली. “भ्या वाटत आसंल तर लांब ऱ्हातो.”

“त्यासाठनं न्हाय म्हणत.” आक्काताईचा आवाज उतरला. “काय झालंय ते ठावं हाय नव्हं तुला?”

“हाय की.”

“मग? बाळ न्हाय तितं न्हाऊ कुणाला घालणार तू?”

“बाळ न्हाय,” अंबूबाई म्हणाली. “बाळंतीण हाय की.”

आक्काताईने दार ना उघडलं, ना लावलं.

बाळंतीण म्हणजे तिची सून, संयोगिता. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. आठवा महिना सरत आला होता तेव्हा तिला ताप भरला. आधी साधाच वाटला. मग धाप लागायला लागली, आणि दवाखान्यात बेड मिळेपर्यंत पोटातली हालचाल मंदावली होती. वार खराब झाली, बाळाला रक्त पुरेना, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, यशराजला, फोनवर सांगितलं. आत कुणालाच सोडत नव्हते. तो खाली फाटकाशी उभा होता आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर. मुलगी होती. रडली नाही. संयोगिताच्या भोवती पांढऱ्या किटमधली माणसं, नुसते डोळे दिसणारी. बाळ कुठाय, असं तिनं विचारलं तेव्हा ती पुरती शुद्धीत नव्हती. आणि शुद्धीवर आली तोवर यशराजने बाळाला मातीआड केलं होतं.

पुढं बरेच दिवस ऑक्सिजनवर काढून ती घरी आली. माहेरी, कुरुंदवाडला, अख्खं घर आजारी आणि आई दवाखान्यात, म्हणून सासरीच आली. तोवर आक्काताईने पाळणा माळ्यावर टाकला होता, डिंक-खारीक कुणाला तरी देऊन टाकली होती, दुपट्यांची पिशवी दिसेनाशी केली होती. आल्यावर सुनेला पेज मिळाली, वाफ मिळाली, गोळ्या वेळच्या वेळी मिळाल्या. कोरोनातून उठलेल्या माणसाचं जे करतात ते सगळं झालं. बाळंतिणीचं जे करतात त्यातलं काही झालं नाही. कुणी अंगाला तेल लावलं नाही, कुणी कान बांधले नाहीत.

अंबूबाईने कनवटीची सुपारी काढून तळहातावर धरली.

“ओटभरणात दिलतीस बग ही. आठवतंय, काय म्हणालतीस?”

आक्काताईने सुपारीवरची नजर काढून घेतली.

“म्हणालतीस, अंबूबाई, माझ्या सुनंचं बाळंतपण तुज्याकडं लागलं. बाळंतपण म्हणालतीस. आन् ते झालंय की.”

“त्या ओटभरणाचं नाव काढू नगो!” आक्काताई एकदम ओरडली आणि लगेच मागच्या खोलीकडे बघून आवाज दाबला. “डॉक्टर नगो म्हणालता. यश नगो म्हणालता. मी म्हटलं, घरातली पयली ओटी, पाच बायका तरी नगोत व्हय? पाचाच्या पंदरा झाल्या. त्यातली एक खोकत हुती. खोकत हुती गं, आन् मी तिला पाणी दिलं. म्हटलं, लाडवाचा ठसका लागला आसंल.”

“मी बी हुतो की त्या पंदरांत. लाडू तर मीच जास्ती हाणलं.” अंबूबाईने सुपारी परत कनवटीला लावली. “आता सर वाईच.”

“आन् तू धुरी घालशील. वास गल्लीभर जातुय. बायका इचारत्याल, आक्काताई, काय झालं, पोरगा का पोरगी? काय सांगू मी त्यास्नी?”

अंबूबाईने पिशवी खाली ठेवली. ती पायरीवरच बसली. आत बोलावतील तेव्हा बोलावतील.

बसून राहणं तिला नवं नव्हतं. कीर्तनाला गर्दी व्हायच्या आत जाऊन खांबाला टेकून बसायची तिची जन्माची सवय. नवरा, ज्ञानू, टाळकरी होता. तो गेला तरी खांब सुटला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकी-सुनांची अंगं चोळून हात भरून यायचे, पण मृदंगावर थाप पडली की टाळी वाजवायला तेच हात हलके व्हायचे.

कळंब्याच्या सप्ताहात मुरगूडचे जोतीरामबुवा कृष्णजन्माचं कीर्तन करायचे. अंगानं काडी, पण आवाज तळ्यापलीकडं जाणारा. बेड्या गळून पडल्या, कुलपं निखळली, तुरुंगाची दारं आपोआप उघडली, असं बुवा म्हणाले की मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, “आमच्या कळंब्याची न्हाय उघडायची, बुवा!” सगळा मांडव हसायचा. बुवाही हसून म्हणायचे, “आत द्येव जलमाला येऊ द्या, मग बघू!” आणि त्या हसण्यातूनच बुवा टोपली उचलायचे. यमुनेला पूर यायचा, मृदंग चढायचा, आणि वसुदेवाच्या मागोमाग सगळा मांडव गोकुळात. पाळणा हलायचा. सुंठवड्याचा द्रोण हातोहात फिरायचा. बाया डोळे पुसायच्या.

अंबूबाईही पुसायची. पण एका वर्षी सुंठवडा मुठीत धरून ती बुवांसमोर जाऊन उभी राहिली.

“बुवा, एक इचारू? सगळी गोकुळात गेली. मागं तुरुंगात द्येवकी ऱ्हायली. तिला न्हाऊ कुणी घाटलं?”

बुवा आधी हसले. “मावशी, पोथीत न्हाय आलं ते.”

“आसं कसं? बाळंतीण हुती की ती. टोपली गेली म्हणून पान्हा फुटायचा ऱ्हाईल व्हय? अंगाखाली दगूड, कूस मोकळी. तिचं अंग कुणी शेकलं?”

बुवांनी गळ्यातली वीणा उतरवली. “आमाला टोपलीमागनंच जावं लागतंय, मावशी. लोकांचा जीव तिकडं आसतुय. तुमी म्हणताय तितं थांबायला कुणाचा पाय ठरत न्हाय.” मग म्हणाले, “फुडल्या वर्षाला थांबतो. तुमच्यासाठनं.”

पुढच्या वर्षी देवळांना कुलपं लागली. आणि यंदाच्या चैत्रात बुवाच गेले. मुरगूडला, चार माणसांत, टाळाच्या आवाजाविना. अंबूबाईचा प्रश्न अंबूबाईपाशीच राहिला.

“आई, सर बाजूला. मावशीला आत घे.”

यशराज कधी मागं येऊन उभा राहिला होता ते आक्काताईला कळलं नाही. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहणारा गडी. गेल्या महिनाभरात खांदे उतरून गेले होते. यालाही अंबूबाईनंच न्हाऊ घातलं होतं, याच नडग्यांवर पालथा टाकून. “पाणी ठेवलंय मी तापाय,” तो म्हणाला.

आक्काताई सरली.

मागच्या खोलीत संयोगिताने मान वळवली. ब्लाउजवर दोन ओले डाग होते, ते तिनं घाईनं पदराखाली झाकले.

“कशाला आला मावशी तुमी? मला काय झालंय?”

“बाळंत झालीयास तू,” अंबूबाई म्हणाली.

त्या घरात हा शब्द त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारला नव्हता. संयोगिता तिच्याकडं बघत राहिली. मग हात पुढं केला, आणि अंबूबाईने तिला उठवलं.

न्हाणीघरात अंबूबाई पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि दोन्ही पाय जोडून समोर लांब केले. बसल्यावर तिच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांची सवय. आधी बाळ, मग आई. आपल्या मोकळ्या नडग्यांकडं तिनं क्षणभर बघितलं, पाय पोटाशी घेतले आणि तेलाची बाटली उघडली.

पाठीची हाडं हाताला लागत होती. ती हळू चोळत होती, मध्येच थांबून धाप खाली बसू देत होती. छातीला गरम पाण्याचं फडकं लावलं तेव्हा संयोगिताने दात आवळले.

“मावशी.”

“बोल.”

“कशी हुती ओ ती? मला कुणी सांगतच न्हाय. आत्यांनी, तुमच्या आक्काताईनी, बगितलं न्हाय. यशना इचारलं की उठून भाईर जात्यात.”

“मी न्हाय बगितलं, बाय.”

“तुमी एवढी पोरं बगितल्यात. आठव्यातली कशी आसत्यात, ते तरी सांगा.”

अंबूबाईला सांगता आलं असतं. बोटांची नखं कशी, कानाची पाळी कशी मऊ, पाठीवरची लव कशी. पण दुसऱ्याच्या पोराचं रूप हिच्या पोरीला कसं चिकटवायचं? ती तेल जिरवत राहिली.

दाराबाहेर बादली टेकल्याचा आवाज झाला. यशराज पाणी घेऊन आला होता. बादली ठेवून तो गेला नाही. दार लोटलेलं होतं. त्याचे नुसते पाय दिसत होते.

“जावळ हुतं,” तो बाहेरून म्हणाला.

आतल्या दोघी हलल्या नाहीत.

“नर्सबाईनी कापड सारलं वाईच. जावळ हुतं. कपाळापतोर आलतं.”

“काळं?” संयोगिताने विचारलं.

“काळंभोर.” पाय वळले. “तुज्यावाणी भोवरा हुता. डाव्या अंगाला.”

आणि पाय दारासमोरून गेले.

संयोगिताचा हात आपल्याच डोक्यावर, डाव्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला. मग ती रडली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, धाप लागेतोवर. अंबूबाईने तांब्या भरून तिच्या खांद्यावर ओतला. मग दुसरा. रडणाऱ्या बाळंतिणीच्या अंगावरचं पाणी थांबवायचं नसतं. शेवटचा तांब्या ओतताना दर बाळंतिणीच्या कानाशी ती देवाचं नाव घेत असे. आज देवाचं नाव ओठांवर येईना. आलं ते त्याच्या आईचं.

“द्येवकीमाय,” अंबूबाई म्हणाली आणि तांब्या उपडा केला.

बाजेखाली शेगडी सरकवली, अंगावर जुनं मऊ लुगडं घातलं. कान बांधायला फडकं शोधत ती वळली, तर आक्काताई दारात उभी. हातात तिचा स्वतःचा सुती रुमाल, घडी मोडलेला. सुनेच्या ओल्या केसांवरून रुमाल घेऊन तिनं हनुवटीखाली गाठ मारली, एकदा सोडली, सैल करून परत मारली.

अंबूबाईने पुरचुंडी सोडली तसा यशराज म्हणाला, “धुराचं डॉक्टर नगो म्हणाल्यात, मावशी. छाती आजून कच्ची हाय तिची.”

“मग आत नगो. उंबऱ्याभाईर घालतो.”

“कुठं बी घाला,” संयोगिता डोळे मिटूनच म्हणाली. “मला वास येत न्हाय मावशी. तापापास्नं कशाचाच येत न्हाय.”

“तुला न्हाय आला तर ऱ्हाऊ दे. बाळंतिणीची धुरी हाय, घातली पायजे.”

खापरात निखारे घेऊन अंबूबाई पायरीवर बसली. चिमूट टाकली तसा ओवा तडतडला, आणि पांढरा धूर आत न जाता बाहेर वळला; फाटकाच्या गजांतून निघून बंद दारांच्या त्या गल्लीत पसरत गेला. सलाईन, सॅनिटायझर आणि वाफेच्या औषधांखेरीज दुसरा वास त्या गल्लीला बरेच दिवस माहीत नव्हता.

समोरच्या गॅलरीत स्नेहल आली. तीही नुकतीच आजारातून उठलेली. खोलीबाहेर पडून दोनच दिवस झाले होते. तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा फुलला.

“आगं बया! धुरी व्हय ती? आक्काताई, बाळंतीण आली व्हय घरला? मला कोण सांगतंय तर! काय झालं, पोरगा का पोरगी?”

आक्काताई चौकटीत उभी होती. दार लावून घ्यायला हात फळीवर गेला. अंबूबाईने वर बघितलं नाही. ती निखाऱ्यांवर फुंकर घालत राहिली.

“आली,” आक्काताई म्हणाली. “बाळंतीण आली घरला.” फळीवरचा हात खाली आला. “पोरगी झालती.”

स्नेहलचं हसू ‘झाल’पर्यंत होतं. शेवटच्या ‘ती’ला ते गेलं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि गॅलरीचा कठडा धरून नुसतीच उभी राहिली.

आक्काताई उंबरा ओलांडून बाहेर आली. पायरीवर अंबूबाईशेजारी बसली. पुरचुंडीतून तिनं चिमूट नाही, चांगली मूठभर शोप घेतली आणि खापरात टाकली. धूर वाढला.

आत, कान बांधलेली संयोगिता दाराकडं वळून पडली होती. तिनं नाकानं श्वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला.