हळदीला फुटलेलं रक्त

धाकट्या जावेनं मंतरलेल्या पाण्याच्या परातीतून हात वर काढले आणि अंगणात जमलेल्या पन्नास-साठ माणसांच्या तोंडून एकदम "आई गं!" निघालं. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक झाले होते.

"बघा! थोरली बोलतेय!" भूतबाधा उतरवायला बोलावलेला बाबा गरजला. "सासूनं हात बुडवले, थोरल्यानं बुडवले, धाकट्यानं बुडवले. सगळे कोरडे ठणठणीत! रक्त आलं ते हिच्याच हाताला!"

पाण्यात बुडवलेले हात कोरडे ठणठणीत कसे, हे विचारायची शुद्ध कुणाला होती?

थोरली जाऊ तापानं जाऊन चार महिने झाले होते. त्यानंतर शेतातली हळद जमिनीतच कुजायला लागली. तिचा आत्मा शेतात फिरतोय, घरातल्या कुणावर तरी रागावलाय, असं बाबानं सांगितलं होतं. आता ते 'कुणीतरी' सापडलं. धाकटीनं संध्याकाळच्या आत घर सोडायचं आणि थोरलीच्या सात वर्षांच्या लेकीवर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, असा हुकूम सुटला.

धाकटीलाही ते खरंच वाटलं. का नाही वाटणार? मन खात होतं तिला. थोरलीशी तिचं भांडण झालं होतं, तेही एका फुटक्या बादलीवरून. मग थोरलीला ताप चढला, तरी ही रुसून तिच्या खोलीत गेलीच नाही. आता शेतात वाकलं, की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, आणि मान वळवायचा धीर होत नसे.

तिनं गाठोडं बांधलं. नवरा खाली मान घालून बसलेला. आणि शर्ट मात्र त्याचा हिनंच धुवायचा! परवा हळदीची पोती वाहून शर्टाचा खांदा पिवळाधम्मक झाला होता. सोड्याच्या पाण्यात तिनं तो बुडवला.

मागून पुतणी चोरपावलांनी आली. "काकू, आई काकांच्या शर्टावरपण रागावली का गं?"

धाकटीनं खाली पाहिलं. शर्टाचा खांदा लाल झाला होता. अगं बाई! दहा वर्षं दर हंगामात ती हेच बघत आली होती. पण भीती डोक्यात शिरली, की रोजचं पाहिलेलंही माणूस विसरून जातं.

ती तरातरा अंगणात गेली. हळदीचा एक ओला गड्डा फोडून तिनं थोरल्या दिरापुढे धरला.

"भाऊजी, हा हातांना चोळा आणि परातीत बुडवा."

"खबरदार! कोप होईल!" बाबा ओरडला.

थोरल्यानं हात बुडवले. वर काढले ते लाल.

"पाण्यात चुन्याची निवळी आहे," धाकटी म्हणाली. "चुना लागो की सोडा, हळद लाल होते. सडके गड्डे फोडायचं काम माझ्या एकटीकडे, म्हणून माझेच हात पिवळे होते. आणि पीक कुजलं ते सरीत पाणी तुंबून. आत्म्याचं नाव कशाला?"

बाबा झोळी उचलून फाटकाकडे सरकला. चार जणांनी त्याला धरून बसवलं.

थोरला मात्र आपल्या हातांकडेच बघत होता. "तीन दिवस तिला या बाबानं मंतरलेलं पाणी पाजलं मी," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, अहो, दवाखान्यात न्या. मी पुन्हा पाणीच पाजलं." आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

धाकटीनं पुतणीला जवळ घेतलं.

"मी भांडले, ते मला जन्मभर सलणार आहे," ती लोकांना म्हणाली. "ते कळायला परात लागत नाही. पण ती आमच्यावर रागावून गेली नाही हो, ती तापानं गेली. तुमच्या घरी कुणाला ताप आला तर दवाखान्यात न्या. तिसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी."