बार्शीचा पिझ्झा

जानेवारीत व्हिडिओ कॉलवर हर्षा तिच्या थोरल्या भावाला म्हणाली होती, "दादा, तू ये तर एकदा. तुला इथं खरा पिझ्झा खाऊ घालते." पलीकडे बबन नुसतं "बरं" म्हणाला आणि त्यानं बार्शीतल्या पाण्याच्या टँकरचा विषय काढला. हर्षाला काही खटकलं नाही. वीस वर्षं परदेशात काढली की जिभेला एक खोड लागते, इथलं ते खरं आणि तिकडचं ते आपलं असंच. खोड लागलेल्याला ती दिसत नाही, एवढंच.

चौदा एप्रिल झाल्याशिवाय बबन गाव सोडणार नव्हता. तो नेदरलँड्सला, हर्षाच्या ब्रेडा गावी आला मे महिन्यात. हर्षाची लेक पूर्णिमा मास्ट्रिख्टला पहिल्या वर्षाला शिकत होती. तिनं मामासाठी फोनमध्ये यादीच केली होती. दर शनिवारी एक गाव, एक पद्धत. हेगला नेपल्सचा, मध्ये लिबलिबीत आणि कडेला काळे फोड आलेला. रॉटरडॅमला डेट्रॉइटचा चौकोनी, ज्याच्या कडेचं करपलेलं चीज खायला लोक भांडतात. अ‍ॅमस्टरडॅमला न्यूयॉर्कचा, घडी घालून खायचा, तेल कोपरापर्यंत येऊ द्यायचं.

बबन सगळीकडे गेला. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा बसला. प्रत्येक ठिकाणी त्यानं तुकडा उचलला, उलटा करून त्याची खालची बाजू पाहिली, सरळ केला आणि मुकाट्यानं खाल्ला.

"मामा, आउट ऑफ टेन?"

"दहा."

"मागच्या वेळी पण दहा होते!"

"मग ह्यालाही दहा. गरिबाला कशाला नाराज करायचं?"

"मम्मी, ही इज चीटिंग," पूर्णिमा म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी घरी परतल्यावर हर्षाचा नवरा सुमित चहा टाकत होता, तेव्हा हर्षा लाडात येऊन म्हणाली, "दादा, जायच्या आधी एकदा आपला कर ना. बार्शीचा."

"आता कशाला?" बबन सहज म्हणाला. "तू खरा खाल्लायस की."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच ते हर्षाला जास्त लागलं. जानेवारीतलं ते "बरं" तिला आत्ता, मे महिन्यात, ऐकू आलं.

बबननं एसटी स्टँडमागे बेकरी टाकली तेव्हा हर्षा सातवीत होती. पाव घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारायचं, बेकरी कुणाची? उत्तर ऐकून काही जण "उद्या नेतो" म्हणायचे आणि तो उद्या काही उगवायचा नाही. मग शहाण्णव साली बबननं पिझ्झ्याचे बेस काढले. ताटलीएवढे, जाड, पांढुरके, एका पिशवीत दोन. पिशवीवर लाल अक्षरांचं लेबल असायचं आणि ते चिकटवायला शाळेतून आलेली हर्षा. बेस इतके खपायला लागले की बेकरी कुणाची हे विचारायचं लोक विसरूनच गेले. पिझ्झा नक्की कुणाचा असतो, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं ना. ज्या घरांत हर्षाला उंबऱ्याबाहेर उभं राहून पाणी मिळालं होतं, त्या घरांतल्या वाढदिवसांना तिच्या भावाचे बेस जात होते.

त्यावर वहिनी कांदा, ढोबळी मिरची आणि टोमॅटो सॉस घालायची, वरून चीजचा क्यूब किसायची आणि तव्यावर झाकण ठेवायची. खालचं बूड करपायच्या बेताला आलं की झालं. हर्षाला वीस वर्षं त्याची आठवण येत होती. आणि एवढं असून ती त्याच माणसाला म्हणाली होती, खरा खाऊ घालते!

बबनचं परतीचं विमान मंगळवारी होतं. हाताशी एकच शनिवार उरला होता. यादीतलं शेवटचं गाव होतं मास्ट्रिख्ट, पूर्णिमाच्या कॉलेजजवळचं दुकान. तिथं रोमचा पिझ्झा, मोठ्या आयताकृती ट्रेमधला, कात्रीनं कापून वजनावर विकतात. "बेस्ट स्लाइस इन द कंट्री," पूर्णिमा म्हणाली. अठराव्या वर्षी माणसाला सगळ्या देशाची माहिती असते.

दुकानाची मालकीण पन्नाशीची, हातानं दणकट. तिचे आजोबा इटलीतून इथल्या कोळशाच्या खाणीत कामाला आले होते, म्हणून पूर्णिमा तिला खरी इटालियन म्हणायची आणि मालकीण स्वतःला मास्ट्रिख्टची म्हणवायची. काचेमागे टोमॅटोचे, बटाट्याचे, झुकिनीचे ट्रे मांडलेले होते. बबननं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो पाहत होता मागच्या मांडणीकडे. तिथं वर काहीच न घातलेले, भाजलेले बेस एकावर एक रचून ठेवले होते.

"हर्षे," तो हळूच म्हणाला, "हे आधी भाजून ठेवलेत."

"असतील."

"असतील नाही, आहेत. विचार तिला."

हर्षानं डचमध्ये विचारलं. मालकीण म्हणाली, "अर्थात. सकाळी एकदा भाजायचे, गिऱ्हाईक आलं की वर घालून परत भाजायचे. नाहीतर एवढा जाड पिझ्झा मध्ये कच्चा राहतो."

हर्षानं ते मराठीत सांगितलं. बबन काचेला इतका चिकटला की त्याच्या श्वासानं काचेवर धुकं आलं.

"किती मिनिटं? पहिल्यांदा?"

"नऊ-दहा म्हणते."

"पीठ किती तास ठेवते?"

"दोन दिवस. फ्रीजमध्ये."

"दोन दिवस!" बबन म्हणाला. "आम्ही दोन तास ठेवायचो. आणि फुगू नये म्हणून भोकं कशानं पाडते?"

भोकांना हर्षाला डच शब्द सापडेना. बबननं काउंटरवर बोटं टोचून दाखवली. मालकीण हसली आणि तिनंही काउंटरवर दहा बोटं टोचली.

"बोटांनी?" बबनला ते पटलं नाही. "मी सुताराकडून खिळ्यांचं लाटणं करून घेतलं होतं. सांग तिला. एका फेऱ्यात बेस तयार."

हर्षानं लाटणं सांगितलं, खिळे सांगितले, फेरा हातानं दाखवला. मालकिणीनं कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "हे काय करतात?"

रिटायर झालेत, असं हर्षाच्या ओठांवर आलं होतं. भट्टी खचून बेकरी बंद पडली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि लोकांना ती तसंच सांगायची.

"पिझ्झा करतात," ती म्हणाली. "आयुष्यभर तेच केलं. आमच्या गावात पहिला पिझ्झा यांनीच आणला."

बबननं तिच्याकडे पाहिलं. "काय सांगितलंस?"

"पिझ्झावाला आहेस म्हणून. तीस वर्षं."

"अठ्ठावीस," बबन म्हणाला. "उगं वाढवून सांगू नको."

मालकिणीनं बटाट्याचा मोठा तुकडा कापून दिला. बबननं तो उलटा केला आणि या वेळी नखानं वाजवून पाहिला. मग खाल्ला.

"आउट ऑफ टेन?" पूर्णिमानं सवयीनं विचारलं.

"सात. बूड अजून दोन मिनिटं पाहिजे होतं."

"मामा! हे मी तिला सांगणार नाही हं."

"सांग की. धंद्यातली बाई आहे, तिला कळेल."

पूर्णिमानं लाल होत सांगितलं. मालकिणीनं त्याच तुकड्याचं उरलेलं टोक हातात घेऊन खालून पाहिलं आणि काहीतरी पुटपुटत ओव्हनचा काटा फिरवला.

परत येताना आइंडहोवनला गाडी बदलली. पूर्णिमा मागेच राहिली होती. डबा रिकामा होता, बाहेर गाई होत्या.

"दादा, मी जानेवारीत ते खरा-बिरा म्हणाले होते ना, ते तुला लागलं का?"

बबन गाईंकडून तिच्याकडे वळला.

"लागलं," तो म्हणाला. "महिनाभर लागलं. मग तिकीट आलं, त्या गडबडीत राहून गेलं."

"चुकलंच माझं."

"चुकलीस असंही नाही. मी तरी पिझ्झा कुठं खाल्ला होता? एका कॅलेंडरवर फोटो होता, त्याच्यावरून केला. कसा लागतो कुणाला माहीत! जाड होता, पुठ्ठ्यासारखा. दुसऱ्या दिवशी तर वाजायचा."

"वाजायचा खरा," हर्षा म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "पण दादा, मला तोच पाहिजे रे. चांगला नको."

"मैदा कुठं मिळतो इथं?" बबननं एवढंच विचारलं.

ब्रेडाच्या स्टेशनावरून ते तडक अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये गेले. पिठांच्या फळीसमोर बबननं बाह्या सरसावल्या. एकेक पुडा कागदावरूनच दाबून पाहत तो पुढे सरकत राहिला. हा भरड, हा केकचा, हा नको. शेवटी एक पुडा त्यानं हातात तोलला, आणि मागे न बघता, अठ्ठावीस वर्षं बेस विकलेल्या मालकाच्या आवाजात म्हणाला, "उभी काय राहिलीस? टोपली आण."

हर्षा टोपली आणायला धावली.