लॉस शून्य

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्यात मला सगळे भडक्या म्हणतात, घरीही तेच. कुणी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की माझं डोकं फिरतं, आणि मग मी अर्धवट काहीतरी सांगून त्याला वाटेला लावतो. कॉम्प्युटरवाला आहे, चालायचंच, असं म्हणून लोक सोडून देतात.

आमचा कारखाना प्लास्टिकच्या बाटल्यांचा. खाली मशीनचा हॉल, वर एका ओळीत सहा खोल्या आणि प्रत्येक खोलीत एक कॉम्प्युटर. सगळ्या वायरी मीच टाकलेल्या. माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, खाली गोदाम सांभाळतो. वहिनी वर सहा नंबरच्या खोलीत बाटल्यांचे नमुने तपासायची. मला ही नोकरी लागली ती तिच्यामुळेच. तिने साहेबांच्या मागे लागून लागून त्यांना नको नको करून सोडलं होतं. ‘आमचे भावजी तोंडाने फटकळ आहेत, पण हाताने हुशार आहेत,’ असं ती सगळ्यांना सांगायची, माझ्यासमोरच.

त्या दिवशी सकाळी फिटरला कामावरून काढलं. वीस वर्षं त्याने नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखलं होतं. आता कुठल्या मशीनचं काय बिघडलंय ते वरच्या कॉम्प्युटरवर दिसतं, मग फिटर कशाला पाहिजे? दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो परत आला. हातात हातभर लांब पाइप पाना. वॉचमनने अडवलं तर त्याने वॉचमनचा जबडा फोडला. जिन्याखालचा टेलिफोनचा बॉक्स दोन दणक्यांत खाली पाडला. दादा बिचारा त्याला समजवायला गेला. दोघं एका डब्यात जेवणारे. ‘अरे बाबा, ये, बस, पाणी पी,’ एवढंच म्हणाला, आणि फिटरने पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला खालच्या सर्व्हर रूमच्या, म्हणजे माझ्या कामाच्या खोलीच्या, दारात ऐकू आला.

मी दादाच्या काखेत हात घालून त्याला आत ओढलं आणि कडी लावली. फिटरने आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो पुढच्या जिन्याने वर गेला. सुपरवायझर वरून खाली येत होता. तो किंचाळला, मग काहीतरी जड पायऱ्यांवरून गडगडत खाली आलं आणि मग किंचाळणं थांबलं. कारखान्यात मोबाइल आणायला बंदी, सगळ्यांचे फाटकावरच्या लॉकरमध्ये. दुसरा वॉचमन रस्त्याकडे पळाला होता, तोच पोलिसांना कळवणार एवढाच आधार. वरची बहुतेक माणसं कॅन्टीनला गेली होती. वहिनी मात्र नमुने संपवल्याशिवाय कधी जेवायला उठायची नाही.

‘ती वर आहे,’ दादा म्हणाला. गुडघ्याखालचा त्याचा पाय भलत्याच बाजूला वळला होता आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं.

वर कॅमेरे नव्हते. पण पिंग होतं. पिंग म्हणजे काय, तर एका कॉम्प्युटरने दुसऱ्याचं दार वाजवून ‘आहेस का?’ असं विचारायचं. समोरचा चालू असेल तर ‘आहे’ म्हणतो. चार वेळा दार वाजवायचं, चार उत्तरं मोजायची; न आलेली उत्तरं म्हणजे लॉस, शंभरात मोजलेला. लहान पोरालासुद्धा जमेल. कॉम्प्युटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा म्हणजेच खोलीचा नंबर, हे मीच तसं लावलेलं.

मी एक नंबरला विचारलं. उत्तर नाही. दोन नंबरला विचारलं, त्याने दोनदा ‘आहे’ म्हटलं आणि तिसऱ्या वेळेला गप्प झाला. फिटर त्या क्षणी त्या खोलीत उभा राहून कॉम्प्युटर फोडत होता आणि मला ते इथे बसून दिसत होतं. तीन ते सहा चालू होते. म्हणजे तो एकेक खोली करत, ओळीने वहिनीकडे निघाला होता.

‘मागच्या जिन्याने जातो,’ मी म्हणालो. मागचा जिना थेट सहा नंबरच्या दाराशी निघतो. ‘तो चारमध्ये असतानाच तिला बाहेर काढतो.’

‘नको,’ दादा म्हणाला. ‘ती शहाणी आहे, आतून कडी लावून बसली असेल. लोखंडी दार आहे. पोलिस येतायत, तेवढा वेळ थांब.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘बायकोला वर मरायला ठेवून तू थांब म्हणतोस? लाज वाटत नाही?’ असं मी म्हणालो. मोडलेल्या पायाच्या भावाला म्हणालो.

गोदामातले दोन वॉकीटॉकी होते, एक त्याच्या कमरेला आणि एक माझ्याकडे चार्जरवर. मी एक उचलला, दादाला खुर्चीत बसवलं आणि कीबोर्ड पुढे सरकवला. ‘हे बघ, आकडा टाकायचा, बटण दाबायचं. मग सगळ्यात खालची ओळ बघायची. लॉस शून्य म्हणजे जिवंत. लॉस शंभर म्हणजे फुटला. मी विचारीन तेव्हा सांगायचं.’

‘आणि या वरच्या ओळी?’ दादाने विचारलं. त्याला इंग्रजी जेमतेम येतं. ‘यात काय लिहिलेलं असतं?’

‘तुला काय करायचंय वरच्या ओळींशी? सांगितलं तेवढं बघ ना.’

मी जिन्यावर पोचलो. वाटेत भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढून घेतला. खाली मशिनं तशीच चालू होती, त्यांच्या घरघरीत वरचं काही ऐकू येत नव्हतं. वॉकीटॉकी कानाशी धरून मी हळूच विचारलं, ‘तीन?’

‘शंभर.’

‘चार?’

जरा वेळ गेला. ‘शंभर झाला. आत्ताच.’

मी उरलेल्या पायऱ्या चढलो. ‘पाच?’

पुन्हा वेळ गेला. दुखण्याने त्याची बोटं चालत नसणार. मी दातओठ खात उभा. मग आवाज आला, ‘पाच... लॉस शून्य. जिवंत आहे, जा.’

वरचा पॅसेज रिकामा होता. मी सहाच्या दारावर बोटांनी वाजवलं. ‘वहिनी, मी आहे. चल लवकर.’

‘भावजी?’ आतून अगदी दाराजवळून आवाज आला. ‘तुम्ही कशाला आलात वर? मी कपाट लावलंय दाराला. कुठे आहे तो?’

‘चारमध्ये. मला पक्कं माहितीये. उघड.’

तिने जड कपाट सरकवलं, ते फरशीवर करकरत गेलं. कडी निघाली. ती बाहेर आली, एका हाताने माझी बाही धरली, आणि तिच्या पाठीमागे पाच नंबरचं दार उघडलं.

तिने वळूनही पाहिलं नव्हतं. पाना तिच्या डोक्यात मागून बसला. माझ्या तोंडावर काहीतरी गरम उडालं. माझी बाही तिच्या मुठीतच होती, ती खाली गेली तसा मीही तिच्यासोबत वाकलो, आणि त्यामुळे दुसरा घाव माझ्या डोक्याऐवजी भिंतीत गेला. मी सिलिंडर दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडात घातला. त्याचे दात फरशीवर पडले. तो खाली बसला तरी मी थांबलो नाही. पाना त्याच्या हातातून गेला तरी थांबलो नाही. मनगट मोडलं, मग बरगड्या, मग पुन्हा तोंड. तो ‘बास, बास’ म्हणत होता. मला ते नीट ऐकू येत होतं आणि मी मारतच होतो. सात मिनिटांनी पोलिस आले, त्यांनी तिघांनी मिळून मला ओढून काढलं. तो मेला नाही. एक डोळा गेला त्याचा.

वहिनी मात्र गेली होती.

जबाबासाठी मला खाली आणलं. दादाला स्ट्रेचरवरून नेलं होतं आणि सर्व्हर रूम उघडीच होती. साहेब म्हणाले, कॉम्प्युटर बंद कर. मी आत गेलो. स्क्रीनवर पाच नंबरचं शेवटचं पिंग तसंच होतं. चार ओळींत तेच वाक्य चारदा. उत्तर आलं होतं, पण ते आमच्याच, खालच्या कॉम्प्युटरकडून: तो पत्ता सापडत नाही. समोरचा मेला की कधी कधी आपलाच कॉम्प्युटर असं सांगतो. आणि पिंग इतकं मठ्ठ की तेही उत्तर म्हणूनच मोजतं. चार पाठवले, चार आले. लॉस शून्य. हे मला माझ्या पहिल्या नोकरीपासून ठाऊक होतं.

मी स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. दारात हवालदार उभा होता, पण त्याचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर सहा दिवस दादा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, ‘मीच वाचायला चुकलो, मला इंग्रजी येत नाही, मीच तिला बाहेर काढायला लावलं.’ वहिनीची आई आमच्याकडेच राहिली होती. तिने जावयाशी बोलणं टाकलं होतं. ताट सगळ्यांना वाढायची, त्याच्यापुढे नुसतं आपटायची. आणि तो मान खाली घालून जेवायचा. मी समोर बसून ते बघायचो आणि माझं जेवण जेवायचो.

सातव्या दिवशी दुपारी दादाने मला खोलीत बोलावलं. पाय प्लास्टरमध्ये, शेजारी कुबडी. ‘भडक्या, तू नंतर आत गेला होतास ना?’ तो म्हणाला. ‘मला एकदाच खरं सांग. शंभर होतं का रे? मला रोज शून्यच आठवतं. घाबरून काहीतरी भलतंच वाचलं का मी?’

‘शून्यच होतं,’ मी म्हणालो. ‘तू बरोबर वाचलंस. वरच्या ओळीत लिहिलं होतं की कॉम्प्युटर सापडत नाही. मी तुला ती बघू दिली नाही. आणि नंतर मीच ती पुसली.’

मग त्याने कुबडी उचलून माझ्या तोंडावर घातली. आयुष्यात त्याने मला कधी हात लावला नव्हता. दुसऱ्या फटक्यात माझी भुवई फुटली, तिसरा कानावर बसला. मी हात वर केला नाही. तो रडत होता आणि मारत होता. दम लागला तेव्हा थांबला, कुबडी खाली टाकली आणि भिंतीला डोकं टेकलं.

‘ऊठ,’ तो म्हणाला. ‘तिच्या आईला जाऊन सांग.’

ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. माझ्या तोंडावरचं रक्त बघून तिने नळ बंद केला. मी सगळं सांगितलं, पिंग म्हणजे काय इथपासून. दादा थांब म्हणत होता, हेही सांगितलं. शेवटी पदराला हात पुसत तिने एवढंच विचारलं, ‘म्हणजे तू वर गेलाच नसतास तर?’

‘दार लोखंडी होतं,’ मी म्हणालो. ‘आतून कपाट लावलेलं होतं. वाचली असती.’