सीटचा दांडा

बायको जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत मेहुण्याला या घरातली एकही गोष्ट आठवली नव्हती. आता आठवली ती सायकल.

"भावोजी, विंटेज आहे हो ही! अशा स्टीलच्या माउंटन बाइक आता बघायला मिळत नाहीत."

विंटेज जिन्याखाली पडली होती. टायर चिरलेले, साखळी गंजून काठीसारखी ताठ झालेली, हँडलवर कोळ्याचं बिऱ्हाड. मेहुण्याने तिला एका बोटाने हात लावला आणि ते बोट रुमालाला पुसलं. बहिणीची आठवण एवढी अनावर झाली होती बिचाऱ्याला.

"मग काय करायचंय तिचं?"

"ऑफिसात रिसेप्शनला टांगतो. मागून पिवळा लाइट सोडायचा. ताईची आठवण राहील."

"हरणाचं मुंडकं आहे का ते, भिंतीवर टांगायला? मी चालवणार आहे ती."

"तुम्ही?" मेहुणा हसला. "पाय पोचतील का?"

बायको त्याच्यापेक्षा चांगली उंच होती. लग्नाच्या फोटोत त्याला खोक्यावर उभं केलं होतं, आणि मेहुण्याने ते खोकं जपून ठेवल्यासारखं दर भेटीत बाहेर काढलं होतं.

"एक काम करा," मेहुणा म्हणाला. "महिन्याभरात पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चालवत नेऊन दाखवा. मी शब्द काढणार नाही. नाहीतर सायकल माझी. शेवटी मीच दिली होती तिला. सीटसुद्धा माझ्या हाताने बसवली होती."

"ठरलं," तो म्हणाला. या माणसाच्या रिसेप्शनला तिची सायकल लटकलेली बघण्यापेक्षा ती विहिरीत ढकललेली बरी.

त्याचा जन्म कारखान्यात लेथवर गेला होता. साखळी, तारा, टायर नवे आले, चाकं सरळ झाली, गंज निघाला. सीट मात्र खाली येईना. ती बायकोच्या उंचीवर अडकून बसली होती. तो वर चढून बसला की त्याचे पाय झोपाळ्यावरच्या पोरासारखे लोंबकळायचे.

शेवटी तो सायकलच्या दुकानात गेला. तिथे सगळ्या सायकली पोपटांसारख्या रंगवलेल्या, आणि दुकानदार त्यांच्यातलाच एक.

"काका, दांडा कापून टाका. नाहीतर भंगारात घाला, सुटाल एकदाचे."

"अडकला कशाने?"

"दांडा ॲल्युमिनियमचा, फ्रेम स्टीलची, आणि मधे ग्रीसचा ठिपका नाही. धरून बसलेत एकमेकांना. बसवणारा गाढव असणार."

दुकानदार एवढं एकच शहाणपणाचं बोलला, पण तेवढ्याने तो पोटभर आनंदात घरी आला.

त्याने फ्रेम उलटी टांगली आणि वर आलेल्या बुडातून पातळ तेल सोडत राहिला. रोज थोडं तेल, रोज हातोडीच्या चार हलक्या टिचक्या. तेल पुरेसं मुरलंय असं वाटल्यावर सीट काढून दांड्याचं टोक व्हाइसच्या जबड्यात आवळलं आणि अख्खी फ्रेमच पान्यासारखी धरून फिरवली. आधी काहीच झालं नाही. मग कर्रर्र असा आवाज आला, दात उपटताना येतो तसा, आणि दांडा फिरला.

आतून पांढरी भुकटी पडली. त्याने दांडा घासून लख्ख केला. फक्त एक करडी रेघ जाईना. इतकी वर्षं फ्रेमच्या तोंडाशी जिथे तो दांडा आवळलेला होता, तिथली. तो आणखी घासायला गेला, आणि थांबला. ग्रीस लावलं, दांडा खाली सरकवला. रेघ फ्रेमच्या आत गेली.

ठरलेल्या दिवशी मेहुणा गाडीतून आला. "वर वाट बघतो," म्हणाला आणि धूळ उडवत पुढे गेला.

चढ तोच होता. पूर्वी नवरा-बायको दोघं रविवारी आपापल्या सायकलींवर इथे यायची. कधीमधी हा मेहुणाही असायचा, तिच्या बरोबरीने पुढे. नवरा मागून आपली सायकल ढकलत यायचा, आणि टाकीच्या भिंतीला टेकून ती म्हणायची, "आलात? मला वाटलं, टेकडीच खाली यायची वाट बघताय." तिच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. जगाने केलेला अपमान तो झटकून टाकायचा. तिने केलेला मात्र लागायचा. आणि आता आठ महिने तो करायला कोणी नव्हतं.

पाण्याचा पाइप रस्त्याला आडवा येतो, त्या वळणावर चढ एकदम उभा होतो. तिथे त्याचे गुडघे संपले. पाय जमिनीला टेकला. मेहुण्याला वरून दिसलं असेल का, हा हिशोब त्याने केला नाही. उरलेला चढ तो ढकलत गेला.

मेहुणा टाकीच्या भिंतीला टेकून उभा होता.

"आलात? मला वाटलं, टेकडीच खाली यायची वाट बघताय."

तेच शब्द, मानही तिच्यासारखीच वाकडी. न लावलेल्या ग्रीसवरून मेहुण्याला सुनवायला त्याच्या तोंडाशी एक सणसणीत वाक्य तयार होतं. ते आत गेलं.

"उतरलो मी, पाइपापाशी," तो म्हणाला आणि हँडल पुढे केलं. "ने."

मेहुण्याने हात पुढे केला नाही. "ताईसुद्धा तिथेच उतरायची."

"काय बोलतोस?"

"मी असायचो ना बरोबर. ढकलत आणायची, तुम्ही वळणावर दिसायच्या आत घाम पुसायची आणि टेकून उभी राहायची. मला म्हणाली होती, यांना सांगितलंस तर याद राख."

त्याने सायकल भिंतीला टेकवली.

"चोरटी," तो म्हणाला. त्याला हसू फुटलं. हसता हसता त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि मेहुणा टाकीकडे तोंड करून काहीतरी बघत राहिला. टाकीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"असू दे तुमच्याकडेच," मेहुणा तिकडेच बघत म्हणाला. "एक चक्कर मारू?"

मेहुणा सीटवर बसला, तर गुडघे कानाला लागले. बहिणीसारखाच लांबुळका.

"सीट वर घे. दांड्यावर करडी रेघ आहे, तिथपर्यंत. त्याच्या वर एक केसभरही नाही."

दांडा लोण्यासारखा वर आला. रेघ दिसली. मेहुणा बसला आणि हेलकावे खात उतारावर निघाला.

"मागचा ब्रेक दाब, मागचा!" तो भिंतीपाशी उभा राहून ओरडला. "सीट बसवता येत नाही, ब्रेक तरी दाबता येतो का, गाढवा!"