उघडं कपाट

“शुभदा, आधी स्वस्तिक, मग चहा. चातुर्मासात उंबरठा मोकळा दिसता कामा नये.”

सासूबाईंचा हा आवाज आता आठवणीतच उरला होता. गेल्या वर्षी त्या पुण्यात वारल्या तेव्हा विमानं बंद होती. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावं लागलं. म्हणून २०२१च्या चातुर्मासात शुभदाने त्यांचाच नेम उचलला. आयर्लंडमधल्या ल्यूकन गावातल्या घरासमोरच्या पोर्चमध्ये रोज पहाटे रांगोळी, मधोमध स्वस्तिक.

आणि रोज, पूजा आटोपून ती बाहेर डोकावेपर्यंत, स्वस्तिक पुसलेलं!

“पाऊस गं,” नवरा म्हणाला. “आयर्लंड आहे हे.”

“पाऊस काय निवडून निवडून पुसतो, गिरीश? भोवतीचे ठिपके जागच्या जागी आहेत.”

तिच्या मनात पाल चुकचुकली. कोपऱ्यावर रेंगाळणारी पोरं असतील? आपण इथे नकोसे आहोत, असं सांगतंय का कुणी? येणाऱ्याजाणाऱ्याच्या, अगदी पोस्टमनच्याही बुटांवर ती पांढरे डाग शोधू लागली. शेजारच्या इर्माआजींवर मात्र तिचा संशय गेला नाही. चौऱ्याऐंशीच्या, लग्न करून जर्मनीतून इकडे आलेल्या. लॉकडाउनभर शुभदाच त्यांचं दूध-ब्रेड आणून देत होती.

एके दिवशी तिने पूजा लांबवली आणि जपमाळ घेऊन पडद्याआड बसली. थोड्या वेळाने इर्माआजी आल्या. काठी भिंतीला टेकवून, कण्हत गुडघ्यांवर बसल्या आणि ओल्या ब्रशने स्वस्तिक घासू लागल्या.

शुभदाने दार उघडलं. “आजी? तुम्ही?”

आजी दचकल्या नाहीत. “तू गोड मुलगी आहेस,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच तुझी जास्त भीती वाटते. तू नाझींना मानणाऱ्यांतली आहेस का?”

शुभदा चटकन उंबरठ्याबाहेर आली. “अहो, नाही! हे आमचं फार जुनं शुभचिन्ह आहे.”

“माझे वडीलही हेच म्हणायचे. जुनं, शुभ.” आजी हसल्या, पण नजर तिच्यावरून हलली नाही. “युद्ध हरलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. जिंकलेल्या सैनिकांनी आम्हा पोरांच्या हातात असेच ब्रश दिले, शाळेच्या भिंती घासायला लावल्या. पुस्तकांतल्या चिन्हांवर मास्तरांनी कागद चिकटवून घेतले. गाव कसं लख्ख! वडील चारचौघांत ‘चुकलंच आमचं’ म्हणायचे. आणि घरी कपाटाच्या दारावर, आतून, तोच झेंडा. रविवारी दार उघडून मला सलाम करायला लावायचे.” त्यांनी ब्रश झटकला. “तुझ्या घरात, आत काय आहे?”

शुभदाने मागे वळून आत पाहिलं. देवघर स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये होतं. इथे कपाटाला सगळे प्रेसच म्हणतात. आणि कलशावर कुंकवाचं स्वस्तिक.

“आहे,” ती हळूच म्हणाली. “कपाटातच आहे. उद्या सकाळी न्यायला येते तुम्हाला. काही लपवणार नाही, शब्द देते.”

आजींनी भिंतीची काठी घेतली आणि ब्रश हातात तसाच धरून आपल्या दाराकडे वळल्या.

गिरीशने ऐकलं मात्र, कपाळाला हात लावला. “डोकं ठिकाणावर आहे ना? त्यांनी गार्डांना फोन केला, पोलीस दारात आले तर? प्रेस लावून घे. आत मसाले आहेत म्हणून सांग.”

“दार लावूनच तर त्यांचे वडील बसले होते.”

“आणि आईचा नेम?”

ती उठली आणि रांगोळीचा डबा भरू लागली.

दुसऱ्या दिवशी पोर्चमध्ये तिने कमळ काढलं, जरा कडेला, आजींची काठी त्यावर पडू नये असं. स्वस्तिक आत, देवांपुढे. समई लावली. प्रेसची दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली. उंबरठ्यावरूनही कलशावरचं कुंकू दिसत होतं. गिरीश तिथेच घुटमळत होता. त्याचा हात एकदा दाराकडे गेला, आणि मागे आला.

“चहा?” त्याने विचारलं.

“आल्यावर. तिघांचा टाक.”

तिने मास्क लावला, पायांत चपला सरकवल्या. शेजारच्या खिडकीतला पडदा किंचित हलला आणि पुन्हा मिटला. शुभदा पायऱ्या उतरली आणि त्या दाराकडे चालू लागली.