जार्कोचा कान कुणी नेला

मी बंब बोलतोय. पाणी तापवायचा नव्हे, गिटारचा आवाज मोठा करायचा. खरं नाव ॲम्प्लिफायर, पण आमच्या निश गावात त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह माझ्या पोटात आहेत. ते तापले की मी तापतो, आणि मी तापलो की लोक माझ्या डोक्यावर खिमा भरलेला बुरेक गरम करायला ठेवायचे. म्हणून बंब.

शाळा मी पाहिली नाही. जे सांगतो ते ऐकलेलं आणि सोसलेलं. हळू सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

माझा जन्म वेलिमीर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात झाला. त्याच्या ओळखीचे चारपाच जण एका कारखान्यात कामाला होते. त्यांचे जेवणाचे डबे सकाळी भरून जायचे आणि संध्याकाळीही भरूनच यायचे. मधल्या वेळात कारखाना देशाची प्रगती करायचा. त्या डब्यांतून आलेले व्हॉल्व्ह, एका कपाटाच्या फळ्या आणि कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्याचं कापड, एवढ्यात माझं शरीर तयार झालं.

मला घेऊन गेला जार्को. तेव्हा एकोणीस वर्षांचा, मानेपर्यंत केस, आणि जग बदलायची घाई. गाणारा तोझा, ड्रम वाजवणारा ल्युबिशा आणि हा गिटारवाला, तिघांनी बँड काढला. नाव ठेवलं 'सातवी खिडकी'. सरकारी कचेरीत सातव्या खिडकीवर गेलं की आठव्या खिडकीवर पाठवतात आणि आठवी बंद असते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक. त्यामुळे नाव लगेच गाजलं. बेस वाजवणारेही असत, पण ते दर तीन वर्षांनी बदलत. त्यांची नावं लक्षात ठेवायचं मी कधीच सोडून दिलं.

पुढं देश मोडला. मी तालमीच्या एकाच खोलीत, एकाच कोपऱ्यात बसून चार वेगवेगळ्या नावांच्या देशांत राहिलो. प्रवासाची हौस फिटली म्हणायची.

आता माझ्या आवाजाच्या बटणाबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. बटणाभोवती एक ते दहा आकडे आहेत. पहिल्या दिवशी जार्कोनं ते तीनवर ठेवलं होतं. काही वर्षांनी पाचावर गेलं. मला वाटलं, पोरगं रंगात आलंय. मग सातावर. मला वाटलं, रंगात आहे तर असू दे. नऊवर गेलं तेव्हा तो पोरगा राहिला नव्हता आणि रंगही नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण मोठ्या आवाजात स्वतःचं महत्त्व फार वाटतं हो.

मग जार्को म्हणू लागला, "कान भरल्यासारखा वाटतो. आतमध्ये शिट्टी वाजते."

निशमध्ये अशा वेळी डॉक्टरकडे जायची पद्धत नाही, कारण रोगाचं नाव आधीच सगळ्यांना माहीत असतं. आरपारचं वारं! समोरासमोरची दोन दारं किंवा खिडक्या एकाच वेळी उघड्या राहिल्या की त्यातून जे वारं जातं, ते माणसाला संपवतं. मान धरते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंड बिघडतं. आमच्या लोकांनी लढाया पाहिल्या, उपासमार पाहिली, दुकानातल्या रिकाम्या फळ्या पाहिल्या. घाबरले ते फक्त खिडकीला.

"बसमध्ये काच उघडी होती ना परवा?" तोझा म्हणाला. "तिथंच लागलं तुला."

"मागचीपण उघडी होती," ल्युबिशानं साक्ष दिली.

"मग काय! जिवंत आहेस हेच नशीब समज."

उपाय ठरला. कापसाचा बोळा राकियात, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूत, भिजवून कानात घालायचा, आणि मोज्यात भरलेलं मीठ गरम करून कानाला लावायचं. ते मीठ गरम करायला कुठं ठेवलं असेल? माझ्या डोक्यावर. दोन तास नऊ आकड्यावर त्या कानाशी बोंबलायचं आणि नंतर त्याच कानासाठी मीठ शेकून द्यायचं, अशी माझी सेवा दहा-बारा वर्षं चालली.

बोलणं ऐकू आलं नाही की जार्को हसायचा. जरा मान वाकडी करून, डोळे बारीक करून. लोक म्हणायचे, म्हातारपणी किती गोड झालाय. ते हसू मला पाठ होतं. ऐकू न येणाऱ्याचं हसू होतं ते.

अशात तोझाच्या मनात आलं की मरण्यापूर्वी एक अल्बम परदेशात करायचा. आमच्या गावात चांगला स्टुडिओ आहे, पण गावातल्या स्टुडिओत केलेलं गाणं गावातले लोक ऐकत नाहीत. तेच गाणं बाहेरून करून आणलं की म्हणतात, बघा, आवाजच वेगळा. ल्युबिशाच्या मेव्हण्यानं डेन्मार्कमधल्या एका स्टुडिओत संडासाच्या फरशा बसवल्या होत्या. तेवढ्या ओळखीवर दहा दिवस मिळाले. आमच्याकडे कामं अशीच होतात, आणि होतात हेही खरं.

आम्ही व्हॅननं निघालो. दोन दिवस, जुलै महिना, तीन म्हातारे, त्या वर्षीचा बेसवाला, लसणीचं सॉसेज आणि मी. एकही काच खाली नाही.

स्टुडिओ समुद्राकाठी. मालक येपे, चाळिशीचा, पायात काही न घालता फिरणारा. त्यानं आमचं हसून स्वागत केलं आणि समुद्राकडची खिडकी उघडली. मग जाऊन समोरचं दार उघडलं.

तिघे एकदम भिंतीला चिकटले.

"दोन्ही?" तोझा ओरडला. "एकदम दोन्ही? अरे बाबा, आम्हाला गाण्यासाठी बोलावलंस की पुरायला?"

"मोकळी हवा," येपे म्हणाला. "छान आहे ना?"

"माझे काका असेच छान म्हणाले होते. रविवारी म्हणाले, गुरुवारी गेले."

"काय झालं होतं त्यांना?"

"वारं!" तिघांनी एकदम सांगितलं. त्यांच्या गाण्यात इतका एकसूर मी फार वर्षांत ऐकला नव्हता.

येपेनं खिडकी लावली. पाहुण्यांचा धर्म समजून लावली असावी.

त्याची कामाची रीत वेगळी होती. प्रत्येकानं एकेकटं वाजवायचं. कानाला हेडफोन, त्यात यंत्राची बारीक टकटक, त्या टकटकीवर आपापला भाग वाजवायचा. मग सगळं यंत्रात घालून जोडायचं. कुठं चुकलं तर यंत्र सुधारतं. तोझाला हे फार आवडलं. साठी ओलांडल्यापासून वरचे सूर लावताना त्याचा आवाज फाटायचा. डेन्मार्कला यायचं खरं कारण हेच होतं. आवाज वेगळा म्हणजे त्याला स्वतःचाच वेगळा हवा होता.

दुसऱ्या दिवशी ल्युबिशा ड्रमच्या वेगळ्या खोलीत एकटा वाजवून आला. तिसऱ्या दिवशी खोलीत फक्त जार्को आणि मी.

टकटक सुरू झाली असणार. जार्को वाजवायला लागला आणि थेट गाण्याच्या पुढं निघून गेला. परत. मग मागं पडला. परत. सात वेळा झालं. बारीक टकटक त्याला मुळीच ऐकू येत नव्हती. काचेपलीकडून येपे काहीतरी विचारत होता आणि जार्को मान वाकडी करून गोड हसत होता.

आठव्या वेळेला तो उठला, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला. गाणं पुरं न करताच तो उठला होता. त्रेचाळीस वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

येपे पलीकडचा माइक बंद करायला विसरला होता. हेडफोनमधून मला सगळं ऐकू आलं.

"त्यांना ऐकू येत नाही," येपे तोझा आणि ल्युबिशाला हळू म्हणाला. "इथं एक चांगला मुलगा आहे. त्यांचा भाग एका दुपारी वाजवून देईल. नाव त्यांचंच राहील, कुणाला कळणार नाही."

"जार्कोला कळेल," ल्युबिशा म्हणाला.

"थांब, थांब," तोझा म्हणाला. "ऐकू येत नाही म्हणजे? कान भरलाय त्याचा. वाऱ्यानं."

"तोझा, अकरा वर्षं झाली. त्याला ऐकू येत नाही."

"आणि तू हे आत्ता सांगतोस?"

"वाजवताना मी मान का हलवतो एवढी? हौस आहे मला? त्याला ताल दिसावा म्हणून हलवतो. ढोल त्याला पायातून कळतो आणि ताल माझ्या मानेवरून. मला एकट्याला त्या खोलीत बसवलं तिथंच तो आंधळा झाला."

ल्युबिशाच्या त्या मान हलवण्याची नक्कल करून तोझानं किती मैफलींत लोकांना हसवलं होतं, त्याला मोजदाद नव्हती.

"सगळे एका खोलीत बसून एकदम वाजवलं तर?" त्यानं विचारलं.

"चालेल," येपे म्हणाला. "पण मग सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. नंतर काही सुधारता येत नाही. तुमचा आवाज जिथं फाटेल तिथं तो फाटलेलाच राहील. कायमचा."

मी तोझाला त्रेचाळीस वर्षं ओळखतो. आरसा दिसला की दाढी करायची नसली तरी हा माणूस तासभर तिथं घालवतो. मला वाटलं, झालं. आता तो चांगला मुलगा येणार.

तेवढ्यात जार्को आत आला. तोझा काचेपलीकडून तरातरा आमच्या खोलीत आला आणि त्याच्या तोंडासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणाला,

"त्या ड्रमच्या खोलीत आरपार वारं आहे!"

"काय सांगतोस!" जार्को म्हणाला.

"ल्युबिशाची मान धरली काल. मी माझा ड्रमवाला तिथं बसवणार नाही. आपण सगळे इथंच बसू, या खोलीत, एकत्र, दारंखिडक्या लावून. पटत नसेल तर मी चाललो निशला."

ल्युबिशानं लगेच मान धरून कळवळायला सुरुवात केली. तो नट म्हणून अगदीच सुमार.

जार्को दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तरीच. माझा कानही या इमारतीत आल्यापासून जास्त दुखतोय."

"बघ!" तोझा येपेकडे वळला. "बघ, काय करून ठेवलंस!"

येपे बिचारा खरंच दार लावायला धावला.

इतकी वर्षं त्या वाऱ्याला मी मनातल्या मनात हसत आलो. त्या दिवशी हसू आलं नाही. एवढं उपयोगी वारं मी दुसरं पाहिलेलं नाही.

दोन दिवसांत दहा गाणी झाली. खोलीची भट्टी झाली होती आणि त्यात मी. ल्युबिशा जार्कोच्या समोर बसला आणि मान अशी हलवली की नंतर ती खरोखरच धरली. जार्को एकदाही चुकला नाही. चौथ्या गाण्यात तोझाचा आवाज वरच्या सुरावर फाटला. सगळे थांबतील असं मला वाटलं. तोझा थांबला नाही. डोळे मिटून तसाच पुढं गात राहिला, आणि येपेनं बोट वर करून खूण केली की हेच राहील.

बटण मात्र नऊवरच होतं. माझे व्हॉल्व्ह लाल झाले होते आणि कान तीन हातांवर होता. मी एक बंब. खालचा सूर काढायचं मला स्वतःहून जमत नाही. कुणीतरी बटण फिरवावं लागतं.

अल्बम आला. वर्तमानपत्रानं लिहिलं की गायकानं फाटलेला आवाज मुद्दाम ठेवण्याचं धाडस दाखवलं. तोझानं ते कात्रण चौकटीत लावलं. आता मुलाखतीत तो सांगतो की ही कल्पना त्याला तरुणपणीच सुचली होती.

हिवाळ्यात जार्कोची बायको देसांका त्याला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि दोन माणसं बोलावून मला त्यांच्या घराच्या तळघरात पाठवलं. आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी. डॉक्टर काय म्हणाले ते मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

गावात मात्र पक्कं झालं आहे, की जार्कोचा कान डेन्मार्कच्या वाऱ्यानं नेला. कानामागं यंत्र लावून तो स्वतःच तसं सांगतो. परवा कोबी घ्यायला खाली आला होता. जरा वेळ उभा राहिला, माझ्या डोक्यावरची धूळ बाहीनं पुसली.

"लोक काहीही बोलतात रे," म्हणाला. "तू नव्हतास. वारंच होतं ते."

त्रेचाळीस वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला. कोबी घेऊन वर गेला.

तर आता एवढीच विनंती. कधी निशला आलात आणि कुणी तुम्हाला डेन्मार्कच्या वाऱ्याची हकिकत सांगितली, तर वाद घालू नका. मान हलवा, 'अरेरे' म्हणा आणि पुढ्यातली राकिया प्या. या लोकांनी मला निर्दोष सोडलं आहे, त्यांचा निकाल तसाच राहू द्या.

पण तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी तापलेला, मोठ्यानं बोलणारा असेल, तर आज खिडकी उघडी राहिली तरी चालेल. आधी त्याचं बटण थोडं डावीकडे फिरवा. तो तुमच्यावर रागावणार नाही. त्याला स्वतःचा हात नसतो, म्हणून तो वाट बघत असतो.